ओट्यावरून आलेली हाक

गजेंद्रचं लग्न ठरल्यापासून राजेगावात त्याच्या आईला, मैनाबाईला, जो तो एकच गोष्ट विचारत होता. सुनेचं नाव काय ठेवणार? मांडव कुणाचा, बँड कुठला, जेवणात काय, हे प्रश्न नंतरचे. तिच्या नवऱ्याच्या, फकिराच्या, घरची रीत गावाला ठाऊक होती, आणि बालाघाटची शिकलेली पोरगी त्या रीतीला कशी सामोरी जाते हे बघायला लोक टपून बसले होते. मैनाबाई सगळ्यांना एकच उत्तर देई, "ठरलं हाये. टाईम आला का सांगीन."

ठरलं होतं हे खरंच. गजेंद्र पोटात होता तेव्हापासून ठरलं होतं. मुलगा झाला तर सून येईल, आणि सून आली की तिला हेच नाव द्यायचं. मधल्या काळात तिनं ते कुणाजवळ काढलं नाही, नवऱ्याजवळसुद्धा नाही.

रीत अशी. नवरी माप ओलांडून आत आली की देवापुढे पाटावर बसते. परातीत घरचे तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितो. इथवर पुष्कळ घरांत होतं. फकिराच्या घरी त्यापुढे हाक असते. नवरीला आत चुलीजवळ नेऊन बसवतात. घरातली थोरली बाई बाहेर ओट्यावर उभी राहते आणि नवं नाव घेऊन तीन हाका मारते, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा. आतून नवरीनं 'जी' म्हणायचं. 'जी' आलं की साखर वाटतात. त्या दिवसापासून तिचं जुनं नाव त्या घरात कोणी घेत नाही.

मैनाबाईच्या वेळी ओट्यावर तिची सासू रुख्माबाई उभी होती. तिनं 'मैना' म्हणून दोन हाका मारल्या आणि आत चुलीजवळ बसलेली पोरगी ढिम्म. मैना नावाची कोणी बाई अजून आली नसेल, असं तिला वाटलं. तिसऱ्या हाकेला मोठी जाऊ तुळसाबाई हिनं तिच्या बरगडीत कोपर मारलं, तेव्हा कळवळून तिच्या तोंडून जे काही निघालं त्यालाच सगळ्यांनी 'जी' धरलं आणि साखर वाटून टाकली.

तोवर ती फूलमाया होती. नेपाळात पाल्पाकडच्या डोंगरातली. आई गेली तेव्हा जेमतेम दहा वर्षांची असेल. बाप, हर्कमान, राजेगावच्या रस्त्यावर एका राईस मिलमध्ये चौकीदार होता. तो गावी गेला आणि पोरीला सोबत घेऊन आला. त्याच्या आधी त्या मिलवर जो नेपाळी होता त्याला मालक बहादूर म्हणायचा, म्हणून हर्कमानलाही बहादूरच म्हणू लागला. त्यात मालकाचा काही वाईट हेतू होता असं नाही, नवीन नाव पाठ करायचा कंटाळा, एवढंच. हर्कमान वारला तेव्हासुद्धा गावात 'बहादूर गेला' असंच सांगितलं गेलं. त्याचं खरं नाव सांगू शकेल असं माणूस गावात एकच होतं, आणि ती रडत होती.

मिलच्या आवारात धानाच्या पोत्यांमधून पळणाऱ्या त्या पोरीला बाप हाक मारायचा, "फूलमायाऽ!" आणि ती कुठूनही ओरडायची, "हजुर!" वडीलधाऱ्यानं हाक मारली की त्यांच्याकडे असंच म्हणतात. नुसतं 'काय' म्हटलं तर बाप दुसऱ्यांदा हाक मारायचा, 'हजुर' येईपर्यंत.

फकिरा धान घेऊन मिलवर यायचा. पुढे धान नसतानाही येऊ लागला. तो तसा गरीब स्वभावाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण या एका गोष्टीवर अडून बसला. रुख्माबाईनं महिनाभर आकांडतांडव केलं. नेपाळीण घरात आणणार, तिचं कुळ कोण, देव कोण, तिच्या हातचं खायचं कसं? शेवटी हिंदूच आहेत, रामनवमीला रामपायलीच्या देवळात बाप दर्शनाला जातो, असं कोणीतरी मध्यस्थानं सांगितलं आणि म्हातारी नमली. नाव तिनंच निवडलं. पोरगी आपल्या बापाशी भराभर जे बोलायची त्यातलं अक्षर रुख्माबाईला कळत नसे. "चिवचिव चिवचिव, निस्ती मैना हाये," ती म्हणाली, आणि परातीत तेच उतरलं.

रुख्माबाई खवट होती, पण दुष्ट नव्हती. नाव तिनं सगळ्याच सुनांचं बदललं होतं. तुळसाबाई माहेरची सिंधू. धाकट्या जावेचंही असंच. त्यामुळे मैनाला तक्रार करायला तोंड नव्हतं. फरक एकच होता आणि तो तिच्या लक्षात यायला दोन-तीन वर्षं गेली. राखीला, भाऊबीजेला जावा माहेरी जायच्या. तिथं फाटकातच कोणीतरी ओरडायचं, "सिंधू आली वं!" तुळसाबाई चार दिवस सिंधू होऊन, पोटभर सिंधू होऊन परत यायची आणि पुन्हा वर्षभर तुळसा व्हायला तयार असायची. मैनाचा बाप लग्नानंतर लवकरच छातीच्या दुखण्यानं गेला. नेपाळातच राहिलेला भाऊ मलेशियाला कामाला गेला तो गेलाच, पहिल्या काही पत्रांनंतर त्याचा पत्ता नाही. तिला जायला फाटकच उरलं नाही, मग हाक कोण मारणार!

बाकी सगळं तिनं अंगी लावून घेतलं. नऊवार नेसायला शिकली, तांदळाची भाकर थापायला शिकली, रोवणीत उलट्या पावलानं चालत चिखलात रोपं लावायला शिकली. बोली तर अशी उचलली की आज घरात अस्सल बोलणारी तीच. गाव हिंदी मुलखात, त्यामुळे पोरं टीव्ही, शाळा आणि बाजार मिळून हिंदीत गेली. ती 'मले-तुले' करणार आणि गजेंद्र हिंदीत उत्तर देणार, असा त्या घरचा संवाद. एकदा बालाघाटचे पाहुणे म्हणाले, तुमच्या घरी मराठी मस्त टिकवली आहे हो. ते मैनाबाईच्या तोंडाकडे बघत म्हणाले आणि मग ते तोंड बघून जरा गोंधळले. गावात पाठीमागे तिला अजून 'नेपाळीण'च म्हणतात. तिला ते माहीत आहे. ती त्याचं काही वाटून घेत नाही, असं ती सांगते.

काही गोष्टी मात्र जुळल्या नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिनं मोहरीचा पाला चेचून बरणीत दाबला, आंबवला, मग उन्हात वाळवायला काढला. तिकडे त्याला गुंद्रुक म्हणतात, त्याचं आंबट सार करतात. रुख्माबाईनं वास घेतला, "सडली वं माय" म्हणाली आणि बरणी उकिरड्यावर नेऊन पालथी केली. दसऱ्याला बाप दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून तिच्या कपाळभर टिळा लावायचा, लहानांना मोठ्यांनी लावायचा असतो तो. इथं दसऱ्याला आपट्याची पानं देऊन पाया पडायचं. तिनं पानं दिली, पाया पडली, आणि कपाळाला हात लावून बघितला. तिथं रोजचं कुंकू होतं.

शेवटच्या आजारात रुख्माबाईच्या तोंडाची चव गेली. तेव्हा एक दिवस ती म्हणाली, "तुया तो आंबट पाला हाये का वं कुठी?" मैनाबाईनं नवा घातला. म्हातारीनं वाटीभर सार प्यायलं. इतक्या वर्षांनी म्हातारीनं तिचं काही मागून घेतलं होतं. मैनाबाईला वाटलं, आता विचारावं, माझं जुनं नाव तुम्हाला आठवतं का? पण आठवत नसेल तर काय, या भीतीनं तिनं विचारलं नाही.

तर असं ते नाव वर्षानुवर्षं तिच्यापाशी पडून होतं, आणि लग्नाच्या आठवडाभर आधी ते तिनं फकिरापुढे काढलं. सुनेचं नाव फूलमाया ठेवायचं.

फकिरा चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "ते तर तुयं नाव होय."

"होय नाही. होतं."

"मंग तिच्या अंगावर काहून टाकून राह्यली?"

"घरात आयकू तरी येईन. दिवसातून धा डाव हाक मारीन तिले. माह्याच तोंडानं, पण कानावर तर पडन."

"तिले राग आला तं?"

"मले आलता तवा कोणी इचारलं?"

"आलता?" फकिरा खरंच चकित झाला. "मले तं तू कधी बोललीच नाही."

 मैनाबाईनं कप उचलला आणि ती विसळायला गेली.

गजेंद्रला नाव सांगितलं तर तो हसला. "मम्मी, ये कौनसा नाम है? पुराने जमाने का लगता है." आपल्या आईचं हे नाव, याचा त्याला पत्ताच नव्हता. असणार कसा? आधारकार्डापासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडे मैनाबाई. सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण पोटच्या पोरालाही जे माहीत नाही ते आपणच सांगून कौतुक करून घ्यायचं, हे तिला जमेना. ती म्हणाली, "असंच. मले आवडते."

होणारी सून श्रुतिका बालाघाटला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. वडील सरकारी नोकरीत, घरी शुद्ध मराठी. तिनं फोनवर आढेवेढे घेतले नाहीत. "आई, तुम्हाला आवडेल ते ठेवा. एका दिवसाची तर गोष्ट आहे. लॅबमध्ये मी श्रुतिकाच राहणार." मैनाबाईला ते लागलं. तिला एका दिवसाचं नाव नको होतं. ते घरात राहायला हवं होतं, वापरात यायला हवं होतं. होईल सवय, तिनं मनाशी म्हटलं. आपल्याला नाही का झाली?

इथं मैनाबाईचं चुकत होतं, आणि ते तिला कळत नव्हतं असंही म्हणता येणार नाही. पण इतक्या वर्षांची भूक असली की माणूस दुसऱ्याच्या ताटात हात घालतंच.

लग्न बालाघाटला दुपारी लागलं. वरात दिवेलागणीच्या आधी राजेगावला पोचली. नवरीसोबत पाठराखीण म्हणून तिची चुलतबहीण मंजू आली होती. गाडीतून उतरल्यापासून श्रुतिकाचा चेहरा ताठरला होता. ओट्यावर बायाच बाया, सगळ्या अनोळखी, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. माप ओलांडताना तिचा पदर खिळ्याला अडकला. मंजू वाकून तो सोडवत म्हणाली, "श्रुती, थांब जरा." त्या एका शब्दासरशी त्या पोरीचा चेहरा सैल पडला. ओवाळायचं ताट धरून समोर उभ्या असलेल्या मैनाबाईनं ते पाहिलं.  तिनं घाईनं ओवाळून घेतलं आणि खिरीचं निमित्त करून मागच्या पडवीत निघून गेली.

आत परात मांडली गेली. नाव गजेंद्रला माहीत होतंच. त्यानं अंगठीनं तांदळात लिहिलं, बायांनी वाचून एकमेकींकडे पाहिलं, हे कुठलं नाव म्हणून कुजबुजल्या. गावातल्या जुन्या बायांनाही आठवण नव्हती. तुळसाबाईलासुद्धा नाही, जिनं त्या दिवशी कोपर मारलं होतं. त्या गडबडीत श्रुतिकाच्या ते नाव ध्यानातच राहिलं नाही. तिला नेऊन चुलीजवळ बसवलं. रोजचा स्वयंपाक गॅसवर, पण रीतीपुरती चूल पेटवली होती. तुळसाबाई आता घरातली थोरली. ती कंबरेला पदर खोचून ओट्यावर उभी राहिली. आवाज तिचा पहिल्यापासून खणखणीत.

"फूलमाया वंऽऽ!"

चुलीजवळ काही हालचाल नाही. श्रुतिका धुरानं डोळे चोळत होती.

"फूलमाया वंऽऽ!"

मंजूनं बहिणीकडे पाहिलं. बायांत खसखस पिकली. कोणीतरी कोपर मारायच्या तयारीत पुढे सरकली. तुळसाबाईनं छातीत श्वास भरला आणि तिसरी हाक अशी मारली की रस्त्यावरचा ट्रकवालासुद्धा वळून बघेल.

"फूलमायाऽऽऽ!"

"हजुर!"

आवाज चुलीजवळून आला नाही. मागच्या पडवीतून आला, मोठा, मोकळा, धावत येणाऱ्या पोरीचा. आणि त्यामागोमाग मैनाबाई स्वतःच पळत दारात आली. हातात खिरीची पळी, तिच्यातून खीर ठिबकत होती. दारात येऊन ती थबकली. एवढी माणसं आपल्याकडे का बघत आहेत, हे तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

तुळसाबाई ओट्यावरून आत आली. "तू काहून बोलली वं? हाक तं नवरीले होती."

"माह्यं नाव घेतलं तुमी," मैनाबाई म्हणाली. 

"मम्मी?" गजेंद्र उठून उभा राहिला. "ये आपका नाम है?"

उत्तर फकिरानं दिलं. तो इतका वेळ खांबाला टेकून उभा होता. "हौ. तुया मायचं नाव होय ते. याच परातीत मी दुसरं लिवलं, तवापासून कोणी घेतलं नाही." एवढं बोलून त्यानं टोपी काढली, उगाच झटकली आणि परत घातली.

 तिकडे चुलीजवळ श्रुतिका अर्धवट उठली होती. कोणाचं काय चाललंय ते तिला अजून उमगलं नव्हतं. आपल्याच हातून काहीतरी चुकलं, एवढं तिनं धरलं होतं. डोळे भरले होते. धुरानं की कशानं, कोण जाणे. "सॉरी आई," ती म्हणाली, "मला खरंच कळलं नाही, मलाच बोलावतायत ते."

मैनाबाईनं तिच्याकडे पाहिलं. तीच जागा, तीच चूल, आणि तेच न कळलेलं तोंड. तिला स्वतःची लाज वाटली, मनापासून वाटली.

"कसं कळन बाई," ती म्हणाली. "मले बी नव्हतं कळलं." मग गजेंद्रकडे वळली. "पुस ते. तिचं जे हाये तेच लिव."

"आन् रीत?" तुळसाबाईनं विचारलं.

"रीत कुठी मोडून राह्यलो आपण? तांदूळ हाये, परात हाये, तुमचा आवाज हाये. तिच्या नावानं हाक मारा."

तुळसाबाईला हे पटलं नाही. ती पुटपुटत ओट्यावर गेली. पण हाक मारायची म्हटल्यावर कसूर करणारी बाई ती नव्हे. "श्रुतिका वंऽऽ!" आणि पहिल्याच हाकेला आतून स्वच्छ 'जी' आलं. साखर वाटली गेली. बायांना मजा बघायची होती ती भलतीच बघायला मिळाली, त्यामुळे कुणाचीच काही तक्रार राहिली नाही.

जेवणाआधी मैनाबाईनं परातीतले मूठभर तांदूळ वाटीत घेतले, त्यावर दही घातलं, कुंकू घालून बोटांनी कालवलं. श्रुतिकाला समोर बसवलं आणि तिच्या कपाळभर तो लाल गोळा थापला.

"हे काय आहे, आई?" श्रुतिकानं डोळे मिटूनच विचारलं. दही थंड होतं.

"माह्या माहेरचं हाये. मोठ्यानं लहानाले लावायचं."

'माहेर' हा शब्द त्या घरात तिच्या तोंडून आजवर कोणी ऐकला नव्हता. श्रुतिकानं डोळे उघडले. "मग तुम्हाला कोण लावणार?"

मैनाबाई वाटी आवरायला लागली. "मले कायचं आता..."

"मोठी मी हाये ना अजून! का मेली?" तुळसाबाईनं तिच्या हातातून वाटी ओढून घेतली. आत दोन बोटं बुडवून संशयानं बघितली, नाक मुरडलं. "कायचं कालवण करून ठेवलं बाप्पा. किती लावायचं असते? एवढं? अजून?" मग तिनं मैनाबाईची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं.

"हाल नको वं, फूलमाया."

"हजुर," मैनाबाई म्हणाली, आणि दही तिच्या नाकावर ओघळलं ते तिनं पुसलं नाही.